तीन खोकल्यांचा हुकूम

मंगळवारी सकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी बाई चौथ्या मजल्यावर, लिफ्टच्या दारासमोर, घरून आणलेल्या स्टुलावर बसल्या होत्या. डाव्या हातात स्टॉपवॉच, उजव्या मुठीत लिंबाची एक गोळी, मांडीवर दोनशे पानी वही. समोर स्वतःच्या घराच्या उंबऱ्यात इमारतीचे अध्यक्ष उभे होते. वय एकाहत्तर, अंगात इस्त्रीचा शर्ट, पायात फिरायला जायचे बूट. त्यांना उंबऱ्यापासून लिफ्टपर्यंत न खोकता चालत यायचं होतं. अंतर नऊ पावलं.

सहाव्या पावलाला त्यांचा गळा हलला. डोळे मोठे झाले. हात तोंडाकडे निघाला.

"गिळा," बाई म्हणाल्या.

अध्यक्षांनी गिळलं आणि उरलेली तीन पावलं जवळजवळ पळत पूर्ण केली. बाईंनी लगेच मूठ उघडून गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली. बक्षीस एका सेकंदाच्या आत द्यायचं असतं. दोन सेकंद गेले की ते कशाबद्दल मिळालं हे शिकणाऱ्याला कळत नाही. बाईंना हे अठ्ठावन्न वर्षांपासून ठाऊक आहे. आजवर शिकणाऱ्याला चार पाय असायचे, एवढाच फरक.

"कालच्यापेक्षा बरं," वहीत लिहीत बाई म्हणाल्या. "पण धावायचं नाही. धावलात तर गोळी नाही."

"धावलो कुठे? चाललोच."

"परत जा. उंबऱ्यापासून."

अध्यक्ष परत गेले. शिकवणीचा तो आठवा दिवस होता.

ज्याच्यासाठी हे चाललं होतं तो कुत्रा त्या वेळी खाली तिसऱ्या मजल्यावर, बाईंच्या पलंगाखाली झोपला होता. येत्या रविवारी अकरा वाजता त्याची परीक्षा होती. मालकाचं ऐकतो हे कमिटीसमोर सिद्ध झालं नाही, तर सात दिवसांत त्याला इमारतीतून हलवायचं, अशी नोटीस आली होती. नोटिशीवर सही याच अध्यक्षांची होती.

बाई सदुसष्ट वर्षांच्या आहेत. गावातली बेवारशी कुत्र्यांची संस्था पासष्टीच्या पुढच्या माणसाला कुत्रा देत नाही; कुत्रा मागे राहतो आणि मग पंचाईत होते, असं त्यांचं म्हणणं. बाईंना ते पटतं. पण त्याचा अर्थ असा की हा गेला की संपलं. नवव्या वर्षापासून आजपर्यंत बाई कुत्र्याशिवाय सगळे मिळून एकोणीस दिवस राहिल्या आहेत. ते एकोणीस दिवस कसे गेले असं विचारलं तर त्या म्हणतात, "मोजले, म्हणजे बघा."

कुत्रे एकूण सात. प्रत्येकाला कागदोपत्री नाव होतं, घरात मात्र पहिला, दुसरा, तिसरा असंच म्हणत. आत्ताचा सातवा. तपकिरी, चोवीस किलो, एक कान उभा आणि दुसरा विचार करत असल्यासारखा. जात विचारली तर बाई म्हणतात, "मिश्र. माझी कुठे शुद्ध आहे?"

पहिला आला तो वडिलांच्या दुकानात. वडिलांचं केस कापायचं दुकान होतं: तीन खुर्च्या, दोन आरसे, एक बाक. बाकाखाली येऊन बसलेलं पिल्लू कुणी हाकललं नाही, म्हणून ते राहिलं. दुकानात सकाळपासून बोलणं चालायचं. पाऊसपाणी, सासवासुना, सरकार. नऊ वर्षांच्या मुलीनं 'बस' म्हटलेलं त्यात पिल्लाला ऐकूच जायचं नाही. एक दिवस तिच्या लक्षात आलं की वडील कात्री हवेत नुसती वाजवतात तेव्हा पिल्लाचा कान वळतो. कात्रीचा एक 'कच्' म्हणजे बस, असं तिनं ठरवलं. तीन आठवड्यांत पिल्लू बसायला लागलं. वडिलांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "आता गिऱ्हाइकांनाही शिकव. एकाची मान जागेवर राहील तर शपथ."

तेव्हापासून बाईंचा नियम एकच. कुत्रा ज्या जागेत राहणार त्या जागेचाच आवाज घ्यायचा. शब्द घ्यायचा नाही. "शब्दांचं काय, ते सगळेच वापरतात. कुत्र्यानं कुणाकुणाचं ऐकायचं?"

दुसरा कुत्रा बाईंबरोबर सासरी गेला. सासूबाई पुढे कित्येक वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "एक सून आणायला गेलो होतो, घरी दोघं आली." लग्न ठरवतानाचा प्रसंगही सांगण्यासारखा आहे. नवरा मुलगा पाणीखात्यात मीटर वाचायचा. घरोघर फिरायचं, मीटर बहुधा मागच्या अंगणात, आणि मागच्या अंगणात बहुधा कुत्रा. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत त्याला अकरा कुत्रे चावले होते. तारीख, घर नंबर आणि पाय डावा की उजवा, अशी यादी त्याच्याकडे होती. मुलगी बघायला आला तेव्हा तिच्या खुर्चीखाली दुसरा बसलेला पाहून त्यानं एकच प्रश्न विचारला.

"चावतो का?"

"सांगितल्याशिवाय नाही."

हे उत्तर ऐकून त्यानं होकार का दिला, हे त्याला आजही नीट सांगता येत नाही. आता तो एकोणसत्तर वर्षांचा आहे, निवृत्त आहे आणि इमारतीत सगळे त्याला मीटरवाले म्हणतात. यादी अजून अकरावरच आहे.

बाईंची नोकरी सार्वजनिक वाचनालयाच्या वाचनकक्षात. चोविसाव्या वर्षी लागल्या, अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाल्या. बेचाळीस खुर्च्या, सहा पंखे आणि समोर बाईंचं मोठं लाकडी टेबल, तिन्ही बाजूंनी फळ्या लावलेलं. घरी प्लास्टरचं काम निघालं तेव्हा बाईंनी तिसऱ्याला दोन दिवसांसाठी त्या टेबलाखाली आणून ठेवलं. तो पुढे आठ वर्षं तिथेच येत राहिला. त्याच्यानंतर चौथा, पाचवा आणि सहावा. ग्रंथपालांना हे कळायला सहा वर्षं लागली, तेही तिसरा उतारवयात घोरायला लागला म्हणून. तोपर्यंत ते वाचकांनाच हलवून जागं करत होते.

भिंतीवर 'बोलू नये' अशी पाटी होती. 'खोकू नये' असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. तेव्हा बाईंनी खोकला घेतला. तोंडापुढे रुमाल धरून हलकं, कोरडं खोकायचं. एकदा म्हणजे बस. दोनदा म्हणजे आडवा हो. तीनदा म्हणजे मी येऊन सोडवेपर्यंत जागचा हलू नकोस, मग छप्पर पडलं तरी. आणि सोडवायचं ते कपाटांच्या अकरा किल्ल्यांचा जुडगा लाकडावर दोनदा आपटून. ही पद्धत इतकी बिनबोभाट चालली की काही नेहमीचे वाचकही शिकले. बाई एकदा खोकल्या की कपाटाशी रेंगाळणारे मुकाट्यानं खुर्चीत बसत. आपण का बसलो, हे त्यांना माहीत नसे.

इथे एक गोष्ट घडत होती जी बाईंच्या ध्यानात आली नाही. बेचाळीस वाचक थंडीभर खोकायचे. तिसरा ते सहावा, चारही कुत्रे पहिल्या दोन महिन्यांत सगळ्यांच्या खोकल्यावर उठबस करून हैराण व्हायचे, आणि मग कंटाळून बाईंचा खोकला तेवढा वेगळा काढायला शिकायचे. बाईंना वाटायचं, कुत्रा उपजतच मालकाचा खोकला ओळखतो. प्रत्यक्षात ते अर्धं शिक्षण वाचकांनी फुकट दिलेलं होतं.

सातवा निवृत्तीनंतर आला. तो शिकला तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, जिथे बाईंशिवाय कुणी खोकत नाही. मीटरवाल्यांना आयुष्यात कधी सर्दी झालेली नाही. उन्हातान्हात फिरलेला माणूस. सातवा तीन महिन्यांत तयार झाला. आजवरचा सर्वांत हुशार म्हणून बाईंनी वहीत तशी नोंदही केली. त्याला जे शिकवायचं राहिलं होतं ते राहिलं आहे हे कळायला आठ वर्षं जावी लागली. शिकवण्यात इतकं मुरलेल्या माणसालाच अशी चूक करता येते.

चार महिन्यांपूर्वी चौथ्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ मुलगा-सुनेकडे राहायला आले. आयुष्यभर सिमेंटच्या गोदामाचे व्यवस्थापक. फुप्फुसं ठणठणीत, डॉक्टरांचा तसा कागद आहे. खोकला ही नुसती सवय. गोदामात ट्रक आणि हमालांच्या गोंगाटात कुणाचं लक्ष वेधायचं तर तीनदा जोरात खोकावं लागायचं. ते घरातही खोलीत शिरण्याआधी तीनदा खोकतात, फोन उचलण्याआधी तीनदा खोकतात, लिफ्टचं बटण दाबल्यावर तीनदा खोकतात. आल्यावर दोन आठवड्यांत ते अध्यक्ष झाले, कारण दुसऱ्या कुणाला व्हायचं नव्हतं.

आणि त्याच सुमाराला सातवा लिफ्टमध्ये ठाण मांडून बसायला लागला.

बाईंचा गुडघा धरल्यापासून सकाळी साडेसहाला त्याला फिरवून आणायचं काम मीटरवाल्यांकडे आहे. लिफ्टनं तळमजल्यावर येऊन बाहेर पडायचं, तेवढ्यात वरून कुठूनतरी अध्यक्षांचे तीन खोकले यायचे, की सातवा दाराच्या मधोमध बसला. ओढा, ढकला, लाडीगोडी लावा. चोवीस किलोचे अठ्ठेचाळीस व्हायचे. दार बंद होईना, लिफ्ट हलेना. मीटरवाले जिन्यानं तिसऱ्या मजल्यावर जात, बाई किल्ल्यांचा जुडगा आणि एक लाकडी फूटपट्टी घेऊन कठडा धरून एकेक पायरी उतरत, फूटपट्टीवर किल्ल्या दोनदा आपटत, आणि सातवा काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं उठे. जुडगा मीटरवाल्यांकडेच देऊन पाहिला. त्यांना दोन ठोक्यांमधलं अंतर जमलं नाही. सातव्यानं त्यांच्याकडे दयेनं पाहिलं, असं ते सांगतात.

चार महिन्यांत हे नऊ वेळा झालं. सर्वांत मोठी बैठक एक तास दहा मिनिटांची, कारण बाई सकाळी लवकरची वेळ घेऊन दाढ काढायला दवाखान्यात गेल्या होत्या. त्या दिवशी ती दाढ काढायला निघालेले डॉक्टरही जिन्यानं उतरले होते. ते दुसऱ्या मजल्यावर राहतात आणि इमारतीचे सेक्रेटरी आहेत. संध्याकाळी नोटीस आली. 'सदर कुत्रा मालकाचे ऐकत नाही' हे तिच्यातलं मुख्य वाक्य. परीक्षेपर्यंत एकवीस दिवसांची मुदत.

"साफ खोटं," बाई म्हणाल्या. "हा ऐकतो म्हणूनच बसतो. प्रश्न कुणाचं, एवढाच."

वाचनालयातल्या माणसाला नोंदी वाचता येतात. बाईंनी वॉचमनची वही मागून घेतली. इमारतीतून कोण कधी बाहेर पडलं हे तो मिनिटानिशी लिहितो. नऊ तारखा, नऊ वेळा. नऊच्या नऊ दिवशी अध्यक्ष तीन-चार मिनिटांत फाटकाबाहेर पडलेले. दुसऱ्या दिवशी बाई सातव्याला घेऊन घरातच बसल्या. सहा पस्तीसला जिन्यात तीन खोकले ऐकू आले. सातवा त्या वेळी पाणी पीत होता. तो भांड्यात नाक बुडवून होता तसाच थांबला. नाकातून बुडबुडे येत राहिले, पण मान वर झाली नाही. बाईंनी किल्ल्या शोधून आपटेपर्यंत.

"अगं, मला वाटायचं त्याला तहान फार लागते," मीटरवाले म्हणाले.

कुत्र्याला नव्यानं शिकवायचं तर किती दिवस लागतील, याचा हिशोब बाईंनी मांडला. आठ वर्षं जे बरोबर होतं ते चूक आहे असं त्याला पटवायचं. किमान तीन महिने. हातात तेरा दिवस. एका माणसाची सवय मोडायला किती दिवस लागतात याचा अनुभव नव्हता, पण बाईंच्या मते अवघड नसावं. माणसाला निदान सांगता तरी येतं.

त्या चौथ्या मजल्यावर गेल्या. अध्यक्ष दार उघडण्याआधी तीनदा खोकले. खाली तिसऱ्या मजल्यावर काहीतरी धप्पकन बसल्याचा आवाज झाला.

"तो बसला," बाई म्हणाल्या.

"कोण?"

बाईंनी सगळं सांगितलं. वॉचमनच्या वहीतून उतरवलेला तक्ता दाखवला. अध्यक्षांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"म्हणजे दोष माझा? लिफ्ट अडवतो तुमचा कुत्रा, आणि आरोपी मी?"

"आरोपी नाही हो. मालक. त्याच्या दृष्टीनं हुकूम तुमचाच असतो."

"म्हणजे मी खोकलो की तो बसतो."

"एकदा खोकलात की बसतो, दोनदा खोकलात की आडवा होतो. तीनदा खोकलात तर मी येईपर्यंत हलत नाही."

अध्यक्षांनी चष्मा काढून हातात घेतला. मग हळूच म्हणाले, "पहिल्या झटक्यात?"

"पहिल्या झटक्यात."

इथे बाईंचा अंदाज थोडा चुकला. त्यांना वाटलं होतं गृहस्थ ओशाळतील. गृहस्थ खूश झाले. बत्तीस वर्षं गोदामात ते ओरडले आणि हमालांनी आपल्या मनाप्रमाणे पोती रचली. घरात सून त्यांचं अर्धं वाक्य झालं की मिक्सर सुरू करते. आणि इथे एक प्राणी, ओळख ना देख, न दिसता, दोन भिंतींच्या पलीकडून त्यांचा शब्द झेलत होता. शब्दही नव्हे, नुसता खोकला. ते शिकवणीला तयार झाले, पण जाता येता तिसऱ्या मजल्यावर थांबून एखादा खोकला टाकायला लागले. कानोसा घ्यायचे. धप्प ऐकू आलं की समाधानानं पुढे जायचे.

तिसऱ्या दिवशी बाईंनी त्यांना रंगेहाथ पकडलं.

"हे काय?"

"आला हो खोकला. खोकला काय विचारून येतो?"

"एकदाच आला, आणि नंतर तुम्ही दाराला कान लावलात. आजची गोळी रद्द."

"एका खोकल्याला?"

"उद्याचीही."

मीटरवाले आतून म्हणाले, "कुत्र्याचं शेपूट वाकडं ते वाकडंच. मी कुत्र्याबद्दल बोलतोय."

पण बाईंची पद्धत बिघडली नाही. रागवायचं नाही, लांबण लावायची नाही, जमलं की गोळी, नाही जमलं की परत उंबऱ्यापासून. पाचव्या दिवसापासून अध्यक्षांच्या गळ्याशी खोकला येऊन परत जायला लागला. नवव्या दिवशी ते न खोकता फोन उचलून बोलले. पलीकडच्या भाच्यानं राँग नंबर म्हणून ठेवून दिला. अकराव्या दिवशी सूनबाई स्वतः खाली आल्या आणि म्हणाल्या, "बाई, त्यांना खोलीत शिरायच्या आधी काहीतरी आवाज करायला सांगा. आता दचकायला होतं."

बाराव्या दिवसाची वहीतली नोंद अशी: 'लिफ्ट, जिना, फाटक. खोकले शून्य. गोळ्या चार.'

रविवारी अकराला परीक्षा तळमजल्यावरच्या कमिटीच्या खोलीत झाली. तिथे एक टेबल, पाच खुर्च्या, पाण्याच्या पंपाचा जुना भाग आणि भिंतीला टेकवलेली शिडी आहे. टेबलामागे तिघं. मधे अध्यक्ष, गालात लिंबाची गोळी. एका बाजूला दातांचे डॉक्टर, म्हणजे सेक्रेटरी, टाइप केलेला कागद घेऊन. दुसऱ्या बाजूला पहिल्या मजल्यावरच्या शिवणक्लासवाल्या मावशी, ज्या सभेत एरवी फक्त बटणं लावतात. मीटरवाले दारात. बाई टेबलासमोर, हातात जुडगा आणि फूटपट्टी. सातवा बाईंच्या डाव्या पायाशी.

सेक्रेटरींनी वाचायला सुरुवात केली. "हुकूम आवाजात द्यावा. खुणा चालणार नाहीत."

"खोकला आवाजात मोडतो का?" बाईंनी विचारलं.

सेक्रेटरींनी विचार केला. "तोंडातून निघतो. मोडतो."

बाई एकदा खोकल्या. सातवा बसला. दोनदा खोकल्या. आडवा झाला. तीनदा खोकल्या आणि खोलीबाहेर गेल्या. पाच मिनिटं. मावशींनी त्याच्या नाकासमोर चेंडू टाकला. सेक्रेटरींनी खुर्ची सरकवली. मीटरवाल्यांनी, कुणी सांगितलं नसताना, शिडी पाडली. सातव्यानं डोळेसुद्धा फिरवले नाहीत. चौथ्या मिनिटाला अध्यक्षांचा चेहरा आधी लाल आणि मग जांभळा झाला. त्यांनी टेबलाची कड धरली. डोळ्यांतून पाणी आलं. पण गळ्यातून काही आलं नाही. बाई परत आल्या, किल्ल्या दोनदा आपटल्या, सातवा उठला आणि त्यानं अंग झाडलं.

"छान," मावशी म्हणाल्या. "माझ्या क्लासच्या मुली पाच मिनिटं बसत नाहीत."

"एक बाब राहिली," सेक्रेटरी म्हणाले. ते वाईट माणूस नाहीत. दाढ उपटणाऱ्याला मूळ आत राहिलेलं चालत नाही, एवढंच. "तक्रार काय होती? कुत्रा लिफ्ट अडवतो. आणि बाईंच्याच तक्त्याप्रमाणे अध्यक्ष खोकले की तो बसतो. मग खरी परीक्षा तीच. अध्यक्षांनी तीनदा खोकावं. कुत्रा बसला नाही तर पास."

बाईंनी जुडगा घट्ट धरला. तेरा दिवस त्यांनी माणूस शिकवला होता. कुत्रा होता तिथेच होता.

"साहेब, खोका," सेक्रेटरी म्हणाले.

अध्यक्षांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली नाही, होकारार्थीही नाही आणि नकारार्थीही नाही. अध्यक्षांनी गोळी गालातून काढून रुमालात ठेवली. छाती भरून श्वास घेतला. खोकले.

जे बाहेर आलं तो खोकला नव्हता. नाटकात पाहुणा येताना करतो तसा काहीतरी 'अहं' असा आवाज होता. पुन्हा एकदा 'अहं'. तिसरा तर मधेच फाटला. अध्यक्षांनी गळ्याला हात लावून पाहिला. सातवा उभाच होता. त्यानं मान तिरकी करून अध्यक्षांकडे पाहिलं आणि मग मावशींच्या चेंडूकडे गेला.

"पास," सेक्रेटरींनी कागदावर लिहिलं.

"थांबा," बाई म्हणाल्या.

दारातून मीटरवाले म्हणाले, "आता कशाला? गप्प बस की."

"हा खोकला खरा नव्हता. मागवलेला होता. असला 'अहं' तो धरत नाही. खरा आला तर अजूनही बसेल. मी त्याला ते शिकवलेलं नाही. माझी चूक आहे, त्याची नाही. तुम्ही तसं लिहा."

सेक्रेटरींनी पेन खाली ठेवलं. "बाई, मी पास लिहिलंय."

"खोडा."

"खोडलं तर नोटीस लागू होते. सात दिवस."

"माहीत आहे मला." बाईंचा आवाज वाचनकक्षातल्यापेक्षा वर गेला नाही. "पण खोट्यावर पास झालेला कुत्रा उद्या परत लिफ्टमध्ये बसेल. मग तुम्ही म्हणाल, म्हातारीनं फसवलं. त्याच्यावर तसा शिक्का नको."

मीटरवाल्यांनी कपाळावर हात मारला. मावशींनी बटण लावायचं थांबवलं.

"म्हणजे कुत्रा शंभर टक्के ऐकतो," मावशी सावकाश म्हणाल्या. "बाई शंभर टक्के खरं बोलतात. लिफ्ट अडते ती फक्त साहेब खरे खोकले तर. मग मला सांगा, यात हलवायचं कुणाला?"

सेक्रेटरींनी अध्यक्षांकडे पाहिलं. मीटरवाल्यांनीही पाहिलं. सातव्यानंही पाहिलं, कारण सगळे पाहत होते.

अध्यक्षांनी रुमालातली गोळी परत तोंडात टाकली. खुर्चीत सरळ बसले.

"मी खोकलो की कुणी तरी बसतं," ते म्हणाले. "तुमची काय इच्छा आहे, मी त्यालाच बाहेर काढू?"

"काढू नका," मावशी म्हणाल्या.

"काढत नाही. नोटीस मागे. सेक्रेटरी, लिहा. पण बाई, माझी एक अडचण आहे. बारा दिवसांचे खोकले आत साठलेत. रात्री झोप नाही. कुठेतरी सोडावे लागतील. घरात सोडले तर खाली हा बसणार."

बाईंनी वही उघडली. त्यांना हा मुद्दा मान्य होता. शिकणाऱ्याला मोकळं सोडायची जागा ठरवून दिली नाही तर तो आपली आपण शोधतो, हे त्यांनी सहा कुत्र्यांच्या बाबतीत पाहिलं होतं. त्यांनी मीटरवाल्यांना विचारलं, गच्चीवरचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत येतो का. मीटरवाले म्हणाले, पाण्याच्या टाकीमागून येत नाही. टाकीचा मीटर वाचायला ते तिथे जात असत, हाका मारूनही कुणी ओ द्यायचं नाही.

ठराव दुपारी बारा वाजून वीस मिनिटांनी एकमतानं मंजूर झाला. त्यात तीन कलमं आहेत. कुत्रा राहील. अध्यक्ष लिफ्ट, जिना आणि फाटक इथे खोकणार नाहीत. अध्यक्षांना रोज सकाळी पंधरा मिनिटं गच्चीवर, टाकीच्या मागे, हवं तितकं खोकता येईल. खाली तिघांच्या सह्या आहेत, आणि अध्यक्षांच्या आग्रहावरून बाजूला सातव्याच्या पुढच्या उजव्या पायाचा ठसा आहे. शाई शिक्क्याची होती. ती टेबलावर, मावशींच्या कापडावर आणि सेक्रेटरींच्या पँटलाही लागली.

सोमवारी सकाळी साडेसहाला मीटरवाले सातव्याला घेऊन लिफ्टनं खाली येतील. अध्यक्ष त्या वेळी गच्चीवर असतील. गच्चीचं कुलूप वॉचमन सहा वाजून वीस मिनिटांनी उघडणार आहे. तसं त्यानं वहीत आदल्या दिवशीच लिहून ठेवलं आहे.